खरी एक जून

माझा वाढदिवस एक जूनला असतो, आणि तो खराच एक जूनला असतो. यातलं पहिलं वाक्य सगळे ऐकून घेतात. दुसरं सुरू झालं की समोरचा हसायला लागतो.

हसणाऱ्याची चूक आहे असंही नाही म्हणा. आमच्या पिढीतली निम्मी माणसं एक जूनची आहेत. आईबापांना पोराची जन्मतारीख सांगता यायची नाही. मग शाळेत पोरगं उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावून दाखवायचं. हात पोहोचला की सहा वर्षं पुरी झाली असं गुरुजी समजायचे, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून लिहून मोकळे व्हायचे. अशी माणसं पुढं त्याच तारखेच्या जोरावर नोकरीला लागली आणि एकतीस मेला सगळी मिळून पेन्शनीत निघाली. मी आरोग्य खात्यात नर्स होते. मी रिटायर झाले त्या दिवशी आमच्याबरोबर इतकी माणसं निघाली की साहेबांनी सगळ्यांना मिळून एकच भाषण केलं, आणि निरोपाच्या फोटोत माझा फक्त खांदा आला.

जन्मभर मी दुसऱ्यांची बाळंतपणं केली. पोटातलं पोर गुरुजींची वाट बघत बसत नाही, त्याला यायचं त्या दिवशी ते येतं. मग त्यातलं एखादं एक जूनलाही येणारच की नाही? ते पोर म्हणजे मी. पण हे पटवायचं कसं? नगरपालिकेचं जुनं जन्माचं रजिस्टर पुरात गेलं. शाळेचा दाखला दाखवावा तर सगळ्यांच्याच दाखल्यावर एक जून. माझा कागद खरं बोलतो, बाकीच्यांचा खोटं, पण दोन्ही कागद बोलतात एकच. बँकेतल्या पोरीनं माझं आधार कार्ड बघून विचारलं होतं, काकू, गुरुजींनी दिलेली का? मी म्हटलं, नाही बाई, आईनं दिलेली. ती गोड हसली आणि माझ्या मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

आमच्या घरात तर याहून मजा. आमचे हे, अण्णासो, तेही एक जूनचेच. त्यांची मात्र गुरुजींनी दिलेली. लग्न ठरवताना मध्यस्थानं याचं केवढं कौतुक केलं होतं, दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी, आणखी पत्रिका ती काय बघायची. लग्नानंतरच्या पहिल्याच एक जूनला मी ह्यांना सांगितलं की माझी तारीख खरी आहे. हे म्हणाले, "असंल की," आणि चहा प्यायला लागले. कोल्हापुरात 'असंल की' म्हणजे 'पटलं नाही, पण सोड', हे शेंबड्या पोरालाही कळतं. तेव्हापासून दर एक जूनला घरात एक केक येतो. त्यावर ह्यांचं नाव वर, माझं खाली. बेकरीवाल्याला जागा पुरली नाही तर अंजनाचं नुसतं 'अं' होतं.

हे साखर कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर गप्प घरात बसले असते तर ते अण्णासो कसले. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत त्यांनी चौकशी केली तर दर दोन घरांआड एक जूनचा माणूस निघाला, आणि ह्यांनी मंडळ काढलं. एक जून मित्र मंडळ. अध्यक्ष हेच. गल्लीच्या तोंडाला दरवर्षी फ्लेक्स लागतो, त्यावर सगळे पेन्शनर गॉगल लावून उभे असतात आणि खाली 'एकच तारीख, एकच दणका' असं लिहिलेलं असतं. संध्याकाळी मांडवात एकच मोठा केक, सुरीवर सगळ्यांचे हात. मग प्रत्येकानं माइकवर येऊन आपल्या गुरुजींची आठवण सांगायची आणि शेवटी मटणाचं जेवण. आठवणी ऐकण्यासारख्या असतात, खोटं कशाला बोलू. आमचे शेजारी बाळासो मंडळाचे सेक्रेटरी आहेत. त्यांच्या गुरुजींनी तीन सख्ख्या भावांना एकाच वर्षाची एक जून दिली. कागदोपत्री तिघं तिळे आहेत, आणि त्यातला धाकटा थोरल्याच्या लग्नात पाळण्यात होता असं बाळासो छातीठोक सांगतात.

त्या मंडळात बाई मी एकटीच. माझी पाळी आली की बाळासो माइक पुढं करून विचारतात, वहिनी, तुमचे गुरुजी कोण? मी सांगते की मला तारीख गुरुजींनी दिलेली नाही, मी जन्मले त्याच दिवशी माझ्या वडिलांनी कुरुंदवाडच्या नगरपालिकेत जाऊन ती लिहून आणली. मांडवात हशा पिकतो. दरवर्षी पिकतो. तो माझा ठरलेला विनोद आहे असं सगळ्यांना वाटतं. एका वर्षी मी रागानं काहीच बोलले नाही, तर वहिनींनी यंदा विनोद का सांगितला नाही, तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी झाली.

यंदा मला साठ पुरी होणार होती. मला साडी नको होती, पार्टी नको होती, हार तर मुळीच नको होता. साठ वर्षांत एकदा, एका तरी माणसानं मानावं की ही बाई या दिवशी जन्माला आली, एवढंच हवं होतं. माणसाचा जन्म ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही. ती सांगितली की लोक हसतात आणि पुढच्या विषयाला लागतात, हे मला फार लागायचं. वय वाढेल तसं जास्तच लागायला लागलं.

मेच्या मध्याला मंडळाची मीटिंग झाली. कॅलेंडर बघितलं तर एक जून सोमवारी. सोमवारी निम्म्या मंडळाचा उपवास, आणि उरलेल्यांच्या घरात त्या दिवशी मटण चालत नाही. आम्ही बौद्ध, आमच्या चुलीला वार नसतो. पण मंडळात सगळ्या घरची माणसं, आणि मटणाशिवाय वाढदिवस ही कल्पना कुणालाच झेपेना. मीटिंगमधला चहा संपायच्या आत ठराव झाला. यंदाचा वाढदिवस रविवारी, एकतीस मेला.

नळाला पाणी तासभर उशिरा येणार आहे असं सांगावं तसं ह्यांनी मला ते घरी येऊन सांगितलं. मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, वाढदिवस कुठं सरकतो का?

"एका दिसानं काय बिघडतंय?" हे म्हणाले. "सोमवारी मटण करता येत न्हाय. रविवारी वाढदिवस करता येतोय की."

त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यात काही वावगं नव्हतं. गुरुजींनी बसल्या जागी दिलेली तारीख, ती जरा इकडची तिकडं झाली तर कुणाचं काय जातंय. माझं मात्र जात होतं. मी भाकरी तव्यावर टाकली आणि सांगून टाकलं की रविवारी मी मांडवात येणार नाही. फ्लेक्सवर माझा फोटो घालायचा नाही. केकवर नाव नको, 'अं'सुद्धा नको.

हे हसले. त्यांना वाटलं, होईल संध्याकाळपर्यंत ठीक. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, मी ठीक झाले नाही. मग वहिनी रुसल्यात अशी बातमी गल्लीभर झाली आणि बाळासो समजूत काढायला आले. मांडव सांगितलाय, आचारी सांगितलाय, पाहुण्यांना निरोप गेलेत, असं सगळं त्यांनी शांतपणे पटवून दिलं. मीही शांतपणेच म्हटलं की तुम्ही खुशाल करा, तुमची तारीख सरकते, माझी सरकत नाही.

बाळासोंनी कप खाली ठेवला. "म्हंजे वहिनी, तुमचा तेवढा खरा आणि आमचा काय ड्युप्लिकेट?"

"व्हय," मी म्हटलं. विचारलं म्हणून सांगितलं.

बाळासो काही रागावले नाहीत, मान हलवत उठून गेले. पण दारात उभे असलेले हे तडक आत निघून गेले आणि त्यानंतर चार दिवस कामापुरतंच बोलले. आमचे हे गप्प झाले की घरातला पंखा बंद पडल्यासारखं वाटतं. मला वाटलं, अध्यक्षांच्या बायकोनंच बहिष्कार घातला म्हणून नाक कापलं गेलं असेल. बसू दे फुगून, मी म्हटलं. मी काय कमी फुगले होते?

रविवारी दुपारपासून मांडवात स्पीकर लागला. पुण्याहून आमच्या मुलीचा, संघप्रियाचा फोन आला. बाबांनी तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं. ती म्हणाली, आई, जा की गं, एका दिवसाचा काय तो प्रश्न. मी विचारलं, तुझा वाढदिवस मी एक दिवस अलीकडं घेतला तर चालेल का? ती म्हणाली, माझी गोष्ट वेगळी, माझी तारीख खरी आहे. मी म्हटलं, तुला काय माहीत ती खरी आहे? ती हसत म्हणाली, तूच सांगतेस ना, आणि तू तिथं हजर होतीस. मग जरा थांबून तिनं सहज विचारलं, "आई, तुझ्या वेळी कोण हजर होतं?"

फोन ठेवल्यावर मी त्याच प्रश्नावर बसून राहिले. आई गेली, वडील गेले, आज्जी तर कधीच गेली. तेवढ्यात मला शांतव्वा आठवली. कुरुंदवाडला आमचं घर वस्तीच्या कडेला होतं आणि बांधाच्या पलीकडं शांतव्वाचं. ती लिंगायतांची सून, माझ्या आईची मैत्रीण. मी जन्मले तेव्हा ती तिथं होती असं आईच्या तोंडून ऐकलेलं होतं. ती अजून आहे हेही माहीत होतं, मागच्याच दिवाळीत भावानं सांगितलं होतं. उद्या कुरुंदवाडला जायचं, मी ठरवून टाकलं. तिच्या तोंडून एकदा ऐकायचं आणि मग कुणी हसो की रडो.

त्या संध्याकाळी हे मांडवातून लवकर परतले. हातात तांबड्या रश्शाचं भांडं होतं. ते ओट्यावर ठेवत म्हणाले की केक कापला, आणि माझी खुर्ची मोकळी ठेवली होती. एवढंच बोलले. मी रस्सा खाल्ला. माझं भांडण तारखेशी होतं, मटणाशी नव्हतं.

सोमवारी सकाळी मी आवरून चप्पल घालायला लागले तेव्हा ह्यांनी विचारलं, कुठं? मी सांगितलं, कुरुंदवाडला, मी जन्मले ते बघितलेलं माणूस तिथं आहे. ह्यांनी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्या आधी दाराबाहेर जाऊन उभे राहिले. वाढदिवसाच्या शुभेच्छा वगैरे काही नाही. एसटीत मात्र मला खिडकी दिली. जयसिंगपूर येईपर्यंत आम्ही दोघंही बाहेरचा ऊस बघत होतो.

शांतव्वाच्या घराला आता स्लॅब पडलाय, बाकी ती होती तशीच आहे, फक्त वाळलीय. सोप्यात बसून मूग निवडत होती. मला बघून "अंजव्वा" म्हणाली. तिनं मला कधी अंजना म्हटलं नाही, गावातल्या सगळ्या पोरींना तिच्याकडं व्वा लागतो. ह्यांना बघून डोक्यावरचा पदर सारखा केला, सुनेला चहा टाकायला सांगितला. मी इकडचं तिकडचं न बोलता मुद्द्यावर आले. विचारलं, अव्वा, मी जन्मले ती तारीख कुठली?

विचारून तर टाकलं. तिनं जर म्हटलं की आता कुणाला आठवतंय, तर संपलंच. मग जगात सांगणारं कुणीच राहिलं नाही.

"तारीख मला कुठली कळतीय गं," शांतव्वा म्हणाली. "मी शाळा बघितली न्हाय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मुगाच्या सुपाकडं बघत राहिले.

"पर तारखेवरनं तुझ्या अप्पानं केल्यालं भांडान ध्यानात हाय की," ती म्हणाली, आणि सूप बाजूला ठेवलं.

त्या साली तिचं नवीन लग्न झालं होतं. माझ्या आईचं ओरडणं बांधापलीकडं ऐकू गेलं. सुईण दुसऱ्या घरी अडकली होती, म्हणून सासूची नजर चुकवून शांतव्वा मागच्या दारानं आमच्याकडं आली. त्या काळात त्यांच्या घरची सून आमच्या वस्तीत येणं म्हणजे काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. घरी गेल्यावर सासूनं तिला दोनदा आंघोळ घातली. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, यंदा वडाला जायचं नाही असंही ठणकावलं. तुझ्यापायी माझा पहिला वड चुकला, असं म्हणून ती माझ्या गुडघ्यावर थापट मारून हसली. नवऱ्याचं काही बिघडलं नाही, ऐंशीपर्यंत जगला, हेही तिनं सांगून टाकलं.

मग अप्पांचं सांगायला लागली. माझे वडील गावातल्या शाळेत शिपाई होते हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे, की दर जूनमध्ये ते शाळेतून तणतणत घरी यायचे. गरिबाची पोरं काय एका पोत्यातनं ओतली काय, सगळी एकाच दिवशी कशी जन्मली, असं बांधावर उभं राहून विचारायचे. त्यांची स्वतःचीही तारीख तशीच दिलेली. माझ्या पोराला त्याची स्वतःची तारीख असेल, असं त्यांनी साऱ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. आणि पोर आलं ते नेमकं एक जूनला.

सगळी वस्ती हसली. शाळेतले गुरुजी बाळ बघायला आले तेही हसले. पण माणूस चांगला होता. त्यांनी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की दोन जून लिही, एका दिवसाचा फरक, कुणाला कळतंय. एक लिहिलीस तर पोरीला जन्मभर लोक हसतील, खरं सांगितलं तरी कुणी मानणार नाही. माझ्या आज्जीलाही ते पटलं. शांतव्वा तेव्हा आतल्या खोलीत मला फडक्यात गुंडाळत होती आणि कान बाहेर होते.

"तुझा अप्पा दारात हुबा ऱ्हायला," शांतव्वा म्हणाली. "म्हणाला, हसूंदेत. माझी लेक आज आलीया. उद्या आली असं मी लिवणार न्हाय. आन तसाच गेला नगरपालिकेत, सदऱ्याच्या गुंड्या उलट्यासुलट्या लावून."

मला रडू आलं. लपवलं नाही, लपवायचं काय त्यात. एक दिवस पुढं लिहिलं असतं तर माझी साठ वर्षांची कटकट वाचली असती. हे त्या माणसाला त्या दिवशीच कुणीतरी सांगितलं होतं, आणि तरी त्यानं मला माझा खरा दिवस दिला. मी इतकी वर्षं लोकांवर चिडत होते. त्या क्षणी मला फक्त बापाचा अभिमान वाटला, इतका की छातीत मावेना.

हे इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होते. चहाचा कप हातात तसाच होता, वर साय धरलेली. त्यांनी शांतव्वाकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"खराच हाय की गं तुझा," हे म्हणाले.

त्या पाच शब्दांसाठी मी लग्न झाल्यापासून थांबले होते. मी पदरानं नाक पुसलं आणि मान हलवली.

मग ह्यांनी कप खाली ठेवला आणि शांतव्वाला एक प्रश्न विचारला. अगदी सहज, कारखान्यात एखाद्या नटाचा साइज विचारावा तसा. "अव्वा, ज्याच्या जन्माला बघितल्यालं कोण उरलंच न्हाय, त्यानं कुणाला इचारायचं?"

ह्यांची आई हे महिन्याचे असताना गेली. मावशीनं वाढवलं. शाळेत घालताना मावशीला विचारलं तर ती म्हणाली, थंडी होती. त्यापलीकडं तिला काही सांगता आलं नाही आणि आता तीही नाही. हे सगळं मला लग्नापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. त्या सोप्यात बसून मला पहिल्यांदा कळलं की मंडळ कशाला काढलं, फ्लेक्स कशाला, मांडव कशाला. ज्याला स्वतःचा दिवस नाही अशी सगळी माणसं त्या दिवशी एकत्र बसली, की कुणालाच कुणी विचारत नाही. आणि बाळासोंना मी 'व्हय' म्हटलं तेव्हा हे आत का निघून गेले, तेही कळलं. नाक कापल्याचा राग नव्हता तो.

शांतव्वानं ह्यांना जवळ बोलावलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि बाजारात बैल बघतात तसा निरखला. "थंडीतलाच हाईस," ती म्हणाली. "उन्हाळ्यातली पोरं किरकिरी असत्यात. हिच्यासारखी." हे मोठ्यानं हसले, आठवड्यातनं पहिल्यांदा. मीही हसले. काय करणार, साक्षीदार म्हणून आम्हीच तिला धरलं होतं.

निघताना तिनं माझ्या पदरात मूठभर मूग घातले आणि ह्यांच्या हातात गूळ दिला. स्टँडकडं जाताना हे माझ्या बरोबरीनं चालत होते. एरवी दहा पावलं पुढं असतात.

स्टँडाजवळ पेढ्याचं दुकान लागलं. हे म्हणाले, आज तुझ्या आवडीचं घेऊ. गल्ल्यावरचा माणूस ह्यांच्याच वयाचा, गुबगुबीत आणि बोलका होता. हे म्हणाले, चांगले ताजे बांधा, हिचा आज वाढदिवस आहे. पेढेवाल्यानं जे करायचं तेच केलं. हसला. "एक जून व्हय? आमच्या घरातच तिघं हाईत, पावणं."

मला सवय आहे. मी पेढ्यांच्या परातीकडं बघत होते. पण हे दोन पावलं पुढं गेले, काउंटरवर हात ठेवला आणि कारखान्यात मशीनच्या आवाजावर बोलायचे तसल्या आवाजात सांगायला लागले. तुमच्या घरातल्यांचा असेल गुरुजींनी दिलेला, हिचा खरा आहे. हिच्या बापाला सगळे सांगत होते दोन जून लिही, त्यानं नाही लिहिली. आत्ता याच गावातल्या, डोळ्यांनी बघितलेल्या माणसाकडून ऐकून आलोय. वड, सासू, दोनदा आंघोळ, उलट्यासुलट्या गुंड्या, सगळं आलं त्यात. एसटीची वाट बघणारी माणसं वळून बघायला लागली. एक बाई पिशवी खाली ठेवून ऐकत उभी राहिली. मी ह्यांना आवरलं नाही. साठाव्या वाढदिवसाला नवऱ्यानं भर बाजारात आपल्यासाठी भांडावं, यापेक्षा मला आणखी काय पाहिजे होतं?

पेढेवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. बापमाणूस म्हणायचा तुमचा सासरा, असं म्हणाला आणि पेढे बांधत सहज पुढं विचारलं, "आन तुमचा वाढदिवस कवा असतोय, पावणं?"

एवढं बोलून झाल्यावर ह्यांना आता एक जून म्हणायची सोय नव्हती. दुसरी तारीख त्यांच्याजवळ नव्हती. काउंटरवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि खिशात चष्मा शोधायला लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

"ह्यांचा काल झाला," मी म्हटलं. "एकतीस मे."

पेढेवाल्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "एकतीस मे? असली तारीख असणारं माणूस मी तर पयल्यांदाच बघितलं," तो कौतुकानं म्हणाला, आणि परातीतला एक पेढा उचलून ह्यांच्या हातावर ठेवला. हसला नाही, गुरुजींचं नाव विचारलं नाही. माझी खरी तारीख पटवायला साठ वर्षं आणि एक साक्षीदार लागला, आणि ही उभ्या उभ्या केलेली तारीख त्यानं जागच्या जागी मानली. पिशवीवाल्या बाईनंही मान डोलावली. अप्पा असते तर माझ्यावर भडकले असते. एका दिवसाचाही फरक त्यांनी चालवून घेतला नव्हता. पण आपल्या माणसाला स्वतःची तारीख नसावी हे त्यांनाही बघवलं नव्हतं, आणि मलाही बघवेना.

हे पेढा हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, पिशवीत पुडा नीट बसवत होते. मग ते पेढेवाल्याकडं वळले.

"व्हय, काल झाला," हे म्हणाले. "लई माणसं आलती."